कोरी नळी

आत्याच्या नळीची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. डोणगावात आणि आसपासच्या खेड्यांत ती न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. लग्नाचा मांडव असो, बारसं असो, चार माणसं टेकली की कोणीतरी म्हणतंच, "बापू, ते नळीचं सांग बे!" आणि मी सांगतो. हातवारे करून सांगतो. लोक पोट धरून हसतात.

आज जे सांगतोय ते मात्र कोणीच ऐकलेलं नाही. बायकोनं नाही, वडिलांनी नाही. जिला सांगायला हवं होतं तिनं तर नाहीच. आणि आधीच बजावून ठेवतो — यातही हसू येईल अशा जागा आहेत, कारण मला दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नाही, जिभेला तेच वळण लागलंय. पण तुम्ही हसलात तर मला राग येईल. नाही हसलात तरी येईल. हल्ली मला नुसता रागच येतो. कोणाचा — ते कळेलच.

गोदाआत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्न झालं, वर्ष-दोन वर्षांत नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. अशा बाईची घरात जागा काय असते हे तुम्हाला सांगायला हवं का? किती जेवते, किती बोलते, कुठं बसते — सगळ्यांचं लक्ष. पण आमच्या आत्याच्या कमरेला किल्ल्या होत्या. पुढं आमचं किराण्याचं दुकान, मागं घर, आणि मधे कोठी. तुरीची डाळ, गुळाच्या भेल्या, तेलाचे डबे, सगळं त्या कोठीत. तिचं कुलूप आत्याच्याच हातानं उघडायचं आणि तिच्याच हातानं लागायचं. शेजारच्या बाया परगावी निघाल्या की आपल्या पाटल्या-पोती फडक्यात बांधून तिच्याकडं ठेवून जात. "गोदीनं ठेवलं म्हंजे देवानं ठेवलं," असं आबा म्हणायचे, आणि आबा कोणाची तारीफ करणाऱ्यांतले नव्हते. तिचं म्हणून घरात एवढंच होतं. तेवढं ध्यानात असू द्या.

आणि ती पोहायची. मळ्यातल्या आमच्या विहिरीत अर्ध्या गावाच्या पोरांना तिनं पोहायला शिकवलं. मलाही. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. भोपळा एकच होता. तो घरोघर फिरायचा. या पाठीवरून त्या पाठीवर. कोणी विकत आणला नाही, कोणी भाडं घेतलं नाही, आणि कोणी त्याला उष्टा म्हटला नाही. पाठीचं काही नसतं हो — सगळा विटाळ तोंडाला. आणि आत्याचं तोंड तर भलतंच सोवळं. तिनं जन्मात पेल्याला ओठ लावला नव्हता. पाणी वरून ओतून प्यायची. चहासुद्धा गार करायची आणि वरूनच ओतायची. लहानपणी मी ते बघत बसायचो, एक थेंब हनुवटीवर पडायचा नाही.

तर — दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. त्यात एकदा एक चित्र निघालं. निळं पाणी, रंगीत मासे, आणि मधे एक माणूस : डोळ्यांवर मोठी काच, तोंडात वाकडी नळी, नळीचं टोक पाण्याच्या वर. आत्याला वाचता येत नव्हतं. जिऱ्याची पुडी अर्धी सोडून तिनं तो कागद उजेडात धरला.

"हे काय व्हय रे बापू?"

"बुडून राह्यला कोणीतरी."

"बुडत नाही तो," आत्या म्हणाली. "पाहून राह्यला."

तो कागद तिनं कोठीच्या दाराला आतून खळीनं चिकटवला.

नवं राज्य झाल्यानंतरचे ते दिवस. मुंबई आता आपली झाली म्हणून आमच्याकडची माणसं उठून मुंबई बघायला जायची — जसं काही ताबा घ्यायचाच राहिला होता. आणि तिकडचे, मालवणच्या बाजूचे एक मास्तर बदलून आमच्या शाळेत आले होते. त्यांनी दुकानात त्या चित्राची चर्चा ऐकली आणि म्हणाले, "अहो, आमच्या गावात आहे हे! बोटीवरची नोकरी सोडून आलेला एक म्हातारा काच आणि नळी भाड्यानं देतो. उन्हाळ्यात या माझ्या घरी. आत्याबाईंना घेऊनच या."

झालं. जायचं ठरलं — मी, माझी बायको सुमन आणि आत्या. पण भाड्यानं घ्यायची की विकत, यावर आमच्या ओसरीवर जी सभा भरली ती काय सांगू! समुद्र कोणी बघितला नव्हता, पण मत प्रत्येकाला होतं. आबा म्हणाले, "दोन दिवसाचं काम. भाड्यानंच घ्या. डोणगावात त्या नळीचं काय करसान, चिलीम म्हणून ओढसान?" मास्तरही भाड्याच्याच बाजूचे. सुमन म्हणाली, विकत घेतली तर पुढं पोरांना होईल. आत्या जात्यापाशी बसून होती. तिनं एकच विचारलं.

"भाड्याची म्हंजे कोणाच्या तोंडातली?"

आबांनी अडकित्ता उचलला.

"सांगा ना मास्तर. कोणाकोणानं चावली आधी?"

मास्तर आपला पंचा झटकायला लागले. आणि मी — मला काय सुचलं त्या वेळी? मोठेपणा सुचला. भरल्या ओसरीवर छाती काढून म्हणालो, "आत्या, मुंबईले कोरी घेऊ. तुह्यासाठी. विकत."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं जुनं लुगडं फाडून एक पिशवी शिवली, तोंडाला नाडी ओवलेली. विकतच्या वस्तूला घर नको का?

मुंबईत मी खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. एकटाच. काचेत ती मांडून ठेवलेली होती, काच आणि नळी, चित्रातल्यासारखीच. आणि मी कोण? स्वतः दुकानदार! गिऱ्हाईक कसं बोलवायचं, कसं बसवायचं, हे बापजाद्यांपासून आमच्या रक्तात. पण काउंटरवरच्या पोरगेल्या माणसानं "काय हवंय?" असं म्हटल्याबरोबर माझी जीभ अडखळली आणि तोंडातून निघालं, "मले ते पाण्यात पाह्याची काच-नळी पाहिजे व्हती."

तो शेजारच्याला म्हणाला, "बघ रे, यांना कायतरी 'मले' पाहिजे." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "विहिरीत उतरायचंय का, पाहुणे?"

मी हसलो. हाच माझा रोग. कोणी मला हसलं की त्याच्याआधी मीच हसून घेतो. हसलो, "बायकोले विचारून येतो" असं काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर पडलो. आणि फुटपाथवर, त्याच पैशांतून, स्वतःसाठी एक काळा गॉगल घेतला. आत्याच्या डोळ्यांची काच आणायला गेलेला माणूस स्वतःचे डोळे झाकायची काच घेऊन परतला!

त्या पोराचा मला किती वर्षं राग होता म्हणून सांगू! बसल्याजागी आठवायचा आणि कानशिलं तापायची. "आमची बोली म्हणजे काय, मुंबई आमची नाही का" — असली भाषणं मी मनातल्या मनात ठोकली आहेत, डाळ तोलता तोलता. पण राग तरी खरा कोणावर? त्यानं मला हसून घालवलं. खोटं बोल असं तर सांगितलं नव्हतं ना? ते माझं मीच केलं. उतरलो होतो तिथं आलो आणि आत्याला म्हणालो, "घेतली. पक्की बांधून देलीय. आता तिथंच उघडू, नाहीतर खराब होते."

तिनं माझ्या पिशवीवरून नुसता हात फिरवला. आत गॉगलचं खोकं होतं.

मालवणच्या बाजूला मास्तरांच्या घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच उठलो आणि त्या म्हाताऱ्याचं घर गाठलं. पडवीत दोन खिळ्यांना दोन काचा, दोन नळ्या. त्यातली एक जोडी घेतली. तो म्हणाला, "दोपारपर्यंत परत दी हां. दुसरे लोक येऊचे आसत." मी वाटेतल्या विहिरीवर बसलो आणि ती नळी राखेनं घासली. आतून, बाहेरून, चावायच्या जागी तर दहादा. घासताना रबरावर दातांच्या खुणा लागत होत्या बोटाला. कोणाच्या? कोण जाणे. मग गॉगलच्या कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, आत्यापुढं ठेवली.

सुमननं नवी वस्तू म्हणून नळीला आणि काचेच्या पट्ट्याला हळदकुंकू लावलं. मी बघत उभा होतो. भाड्याच्या नळीला हळदकुंकू! इथं मांडवात लोक हसायचे — नाही, हे मी मांडवात कधी सांगितलंच नाही. मांडवातल्या गोष्टीत नळी कोरी असते.

किनाऱ्यावर आत्यानं काष्टा आवळला, काच डोळ्यांवर चढवली. पन्नाशी उलटलेली बाई, नऊवारी लुगडं, आणि तोंडावर बेडकासारखे डोळे. सुमनला हसू आवरेना, आत्याही हसली. आणि मग — ज्या तोंडानं पेल्याला कधी स्पर्श केला नाही, त्या तोंडात तिनं ती नळी धरली. दातांत. माझ्या भरवशावर. मला काय वाटलं त्या क्षणी? लाज? छे. मला सुटल्यासारखं वाटलं. निभलं एकदाचं, असं वाटलं.

ती पाण्यावर पालथी पडली आणि तशीच राहिली. हात पसरलेले, लुगड्याचा पदर तरंगतोय, नळीचं टोक तेवढं वर. किती वेळ! सुमन घाबरली, अहो बघा ना, अहो बघा ना करायला लागली. मी हाक मारली, ऐकू कुठलं जायला. शेवटी ती आपण होऊन उठली. काच कपाळावर सरकवली. डोळ्यांभोवती गोल वळ उठलेले. मी विचारलं, "काय पाह्यलं?"

ती म्हणाली, "खाली कोणी कोणाले काही म्हणतच नाही रे बापू."

मासे किती, रंग कोणते, ते तिनं मागाहून सांगितलं. आधी हे सांगितलं. आणि मग म्हणाली, आता ही नळी घेऊन आपल्या विहिरीत उतरीन. जन्मभर जिच्यात पोहली तिचा तळ कसा आहे ते पाहीन. असं म्हणून तिनं नळी पुसली, काच पुसली, पिशवीत घातली, नाडी ओढून गाठ मारली.

ऊन चढायला लागलं होतं. म्हातारा वाट बघत असणार. आत्या आणि सुमन अंगावरचं खारं पाणी धुवायला विहिरीकडं गेल्या. पिशवी सुरूच्या झाडाखाली होती, माझ्याजवळ. मी गाठ सोडली, आतलं काढलं, पिशवी तशीच ठेवली आणि धावत जाऊन नळी परत देऊन आलो. म्हाताऱ्यानं पट्टा उलटसुलट करून विचारलं, "ह्यां पिवळां काय?" हळद होती. मी म्हटलं, "आमच्याकडं रिवाज असतो."

आता तुम्ही विचाराल, मग पुढं काय करायचा विचार होता? खरं सांगू? नव्हताच. परत देईपर्यंतचाच विचार केला होता. आत्या आली, पिशवी उचलली. हलकी लागली. तिनं आत हात घातला, पिशवी उलटी केली, झटकली. माझ्याकडं बघितलं. तेव्हा बोलायचं होतं. तीच वेळ होती. आत्या, मी खोटं बोललो, ती भाड्याची होती, उष्टी होती, घाल शिव्या. काय केलं असतं तिनं? ओकली असती, चुळा भरल्या असत्या, महिनाभर उपास केले असते, मला दारात उभं केलं नसतं. आणि मग आबांपुढं, मास्तरांपुढं माझा मोठेपणा! तो गेला असता. म्हणून मी म्हणालो — हे मीच म्हणालो, कोणी वदवून घेतलं नाही — "वाळूवरच ठेवली असशीन तू. पिशवीत घातलीच नाही."

"घातली रे. गाठ मारली म्या."

"मग गाठ कुठं आहे?"

गाठ मीच सोडली होती. ती त्या सुटलेल्या नाडीकडं बघत राहिली. स्वतःच्या हातांकडं बघितलं. आणि बसली गुडघ्यांवर आणि लागली वाळू चाळायला. या झाडापासून त्या होडीपर्यंत. सुमनही शोधायला लागली. आणि मीसुद्धा. ऐकता ना? मीसुद्धा शोधलं. तिच्या शेजारी बसून, वाळूत हात घालून, डोळ्यांवर तो काळा गॉगल चढवून. भरतीचं पाणी वर येईपर्यंत.

एकदा ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्याकडं असतात अशा. कोणी नेऊन देली असंन, विचारू का?" मी म्हटलं, "मी विचारून आलो." दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा वाट त्याच्याच घरावरून होती. पडवीतल्या खिळ्याला ती टांगलेली. आत्या थांबली.

"आपली अशीच व्हती."

"सगळ्या सारख्याच असतात आत्या. चाल, गाडी जाईन."

पट्ट्यावर पिवळं होतं. मला दिसलं. तिला दिसलं का? अधूनमधून मी मनाची समजूत घालतो की तिला दिसलं, तिला सगळं कळलं, आणि माझी अब्रू राखायला ती गप्प बसली. कसला सोयीचा विचार आहे! थुंकावंसं वाटतं त्याच्यावर. तिला कळलं असतं तर घरी आल्यावर जे झालं ते झालं असतं का?

घरी आल्यावर तिनं आंघोळ केली, देवापुढं बसली, आणि उठून आबांसमोर किल्ल्या ठेवल्या.

आबा म्हणाले, "काऊन?"

"माह्या हातून वस्तू जाऊन राह्यल्या आता. हे सूनबाईले द्या."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणू शकत होतो — ठेव आत्या, काय एवढ्याशा नळीचं. तेवढं तरी! मी म्हणालो, "वय होते माणसाचं." आणि किल्ल्या सुमनच्या कमरेला गेल्या. सुमन वाईट नाही. ती आत्याला कधी उणं बोलली नाही. पण त्या दिवसापासून आत्या कोठीच्या उंबऱ्याबाहेर वाटी घेऊन उभी राहायची, आणि "सूनबाई, थोडा गूळ देता का?" म्हणायची. देता का! आमच्या घरात, जिथं तिच्या हातचा गूळ खाऊन मी मोठा झालो.

बायकांच्या पाटल्या-पोती ठेवून घेणं तिनं बंद केलं. कोणी आणल्या तर हात मागं न्यायची. "माह्याजवळ नको बाई, मी हारवते." विहिरीत ती पुन्हा उतरली नाही. दाराचा तो कागद सुमननं कोठी सारवताना काढून टाकला.

आणि गोष्ट? ती मी लगेचच सांगायला घेतली होती. पहिल्यांदा का सांगितली ठाऊक आहे? कोणी मला विचारू नये म्हणून. नळी कुठाय, मुंबईहून आणली ती, असं कोणी विचारायच्या आत मीच हसवून टाकलं. लोक हसले. मग चटकच लागली. दर वेळी थोडं वाढवलं. आत्या वाळूत उकरतेय, तिकडून देवमासा येतो, त्यानं काच लावलीय, नळी तोंडात, आणि तो म्हणतो, "काऊन गोदाबाई, काही हारवलं काय?" इथं हमखास मांडव कोसळायचा. आमच्या घराण्यात कोणाची चप्पल गेली, कोणाच्या सांडशीचा पत्ता नसला की म्हणतात, "आत्याची नळी झाली!" ही म्हण मी पाडली. माझी नातवंडं म्हणतील.

ती ऐकायची. बायकांच्या घोळक्यात, मागं, पदर तोंडाला लावून. हसायचीसुद्धा. कोणी म्हटलं, "खरं व्हय काय आत्याबाई?" तर म्हणायची, "हाव. मीच हारवली. एवढी महागाची वस्तू पोरानं आणली अन् म्या हारवली." आणि मी पुढचं वाक्य टाकायचो. थांबायचो नाही. हशा ओसरू द्यायचा नसतो ना — गोष्ट सांगणाऱ्याचा नियम.

या हसणाऱ्या लोकांचाही मला राग येतो. एकानं तरी विचारायचं होतं की अरे, जिच्या हातून सुई कधी गेली नाही, तिच्या हातून एवढं धूड गेलं कसं? कोणी विचारलं नाही. बाई होती, विधवा होती, म्हातारी होत चालली होती. हरवलं असेल. बस. पण त्यांना हसायला कोणी शिकवलं?

आत्या यंदा गेली. पडून राहिली नाही, कोणाला त्रास दिला नाही. शेवटच्या दिवशी तिनं पाणी मागितलं. मी पेला तिच्या ओठांपाशी नेला. तिनं मान बाजूला केली, तोंड उघडलं, आणि बोटानं वर दाखवलं. वरून ओत. मी ओतलं. पाणी तिच्या मानेवर सांडलं.

तेव्हाही सांगितलं नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो.

तेराव्याला सगळा गोतावळा जमला. जेवणं व्हायची होती. सुमन कमरेच्या किल्ल्या काढून कोठीकडं गेली होती. माणसं गप्प बसून कंटाळली होती, आणि कोणीतरी हळूच म्हणालं, "बापू, ते नळीचं सांग बे. आत्याले आवडे."

मी सांगितली. सगळी. देवमाशासकट.